फुलवालीच्या हाताने मोजलेली तार

आमच्या मामंजींइतक्या थोड्या सामानात इतक्या लांब पोचलेला माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. आणि तेही मागच्या खोलीतल्या वेताच्या खुर्चीवरून न उठता, एक पाय दुसऱ्या पायाखाली दुमडून, खांद्यावर पंचा टाकून. मामंजी म्हणजे माझे सासरे. तुमच्याकडे सासऱ्यांना हल्ली सगळे बाबाच म्हणतात असं ऐकते. आमच्या तंजावरात अजून सासरे मामंजी आणि सासूबाई आत्याबाई. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतलं मराठी तुम्हाला जरा जुनं वाटेल, घासात खडा लागावा तसं मधेच तमिळही लागेल. बोलतो आम्ही सगळे, पण लिहिता फार थोड्यांना येतं. मला येतं ते लहानपणी हिंदीच्या खासगी परीक्षा दिल्या म्हणून. माझे वडील लग्नकार्यांत स्वयंपाक करायचे, आई त्यांच्या हाताखाली नारळ खवायची, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. तीसुद्धा फिजिक्स घेऊन. हे मी सगळीकडे सांगते, इथेही सांगून टाकलं. कारण मामंजींच्या त्या डब्याबद्दल मी जे लिहिणार आहे ते वाचून कुणी म्हणायला नको की बाईला काही कळत नव्हतं म्हणून हरखून गेली. कळत होतं, आणि तरी हरखून गेले.

लग्नाच्या दिवशी पाया पडले तेव्हाच मला सावध व्हायला हवं होतं. आत्याबाईंनी "अष्टपुत्रा" वगैरे म्हटलं, आणि मामंजी माझ्या डोक्यावर हात ठेवून अगदी गंभीरपणे म्हणाले, "त्र्याहत्तर." भटजी क्षणभर मंत्र विसरले. माझी आई बिचारी रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्यांना सांगत होती की सासऱ्यांना ज्योतिष येतं, पोरीचा संसार त्र्याहत्तर वर्षांचा आहे. पुढे कळलं की बिनतारी रेडिओवर हौसेने बोलणारी जी माणसं जगभर पसरली आहेत, ज्यांना हॅम म्हणतात, त्यांच्यात निरोप घेताना 'त्र्याहत्तर' म्हणायची रीत आहे. म्हणजे 'शुभेच्छा, येतो आता'. मामंजी गॅसच्या गाडीवाल्याला त्र्याहत्तर म्हणतात, चेन्नईच्या थोरल्या मुलाचा फोन ठेवताना म्हणतात, आणि एकदा बृहदीश्वराच्या देवळात प्रदक्षिणा संपवून नंदीसमोरून निघताना मी त्यांना हळूच म्हणताना ऐकलं आहे.

त्यांची नोकरी सगळी पाटबंधारे खात्यात गेली. कावेरीच्या कालव्यांना कुठल्या दरवाजातून किती पाणी सोडलं हे बघण्यात हयात घालवलेला माणूस निवृत्त झाल्यावर फार तर भाजी लावेल, असं घरात सगळ्यांनी धरलं होतं. मामंजींनी हॅमच्या परवान्याची परीक्षा दिली. सरकारकडून त्यांना एक नाव मिळालं, अक्षरांचं आणि आकड्याचं, जे जगात दुसऱ्या कुणाचं नसतं. आपल्या देशातल्या बहुतेक हॅमांची नावं व्ही आणि यू या अक्षरांनी सुरू होतात. ते नाव हातात आल्यावर मामंजींनी आपलं बारशातलं नाव मनातल्या मनात रिटायर केलं असावं, कारण त्या नावाने हाक मारली की ते एकदम वळत नाहीत.

नाव झालं, आता यंत्र. चेन्नईचे थोरले भावजी कामाला मोठ्या कंपनीत, मन मोठं. ते म्हणाले, "अप्पा, मी पाठवतो. चांगला मोठा सेट पाठवतो, शंभर वॉटचा." मामंजी असे बघत राहिले की जणू कुणी त्यांना सायकल शिकायला विमान देऊ केलं. म्हणाले, "मोठ्या आवाजाने कोणीही बोलेल रे. ओरडला की झालें. लहान आवाजाने पोचून दाखविले पाहिजे." आणि स्वतःच्या पेन्शनीत बसेल असं सुटं सामान त्यांनी टपालाने मागवलं. ते जोडून जो ट्रान्सीव्हर तयार झाला, म्हणजे ऐकणारं आणि बोलणारं एकच यंत्र, तो मी शाळेत शिकवायला जाताना न्यायची त्या जेवणाच्या डब्यापेक्षा तसूभरही मोठा नव्हता. खरं सांगायचं तर डबाच होता तो, माझा जुना, झाकणाला पोचा आलेला. मी तो डबा आठवडाभर घरात शोधत होते. शेवटी मागच्या खोलीत दिसला, तेव्हा त्याला पुढून दोन बटणं आली होती आणि मागून वायरी बाहेर पडल्या होत्या. मला म्हणाले, "तुझा डबा आतां सात पट्ट्यांवर बोलतो." पट्टे म्हणजे आकाशातल्या वेगवेगळ्या वाटा म्हणा, कुठली सकाळी उघडी, कुठली संध्याकाळी. मी मुकाट्याने नवा डबा घेतला.

बाकीचं सामान कुठून आलं याचा हिशेब द्यायचा म्हणजे आमच्या घरातून काय काय नाहीसं झालं तेच सांगणं. बॅटरी माझ्या नवऱ्याच्या जुन्या मोपेडची. मोर्सची कट्‌कट् वाजवायची किल्ली करवतीच्या तुटक्या पात्याची, आणि तिला बोट टेकवायला आत्याबाईंच्या कपाटाच्या खणाची पितळी मूठ. तो खण आजही सुरी घालून उघडावा लागतो. स्पीकर मेलेल्या ट्रान्झिस्टरचा. त्याचा आवाज फार बारीक येतो म्हणून मामंजींनी तो पाणी ठेवायच्या मोठ्या पितळी घागरीच्या तोंडावर पालथा बसवला, आणि तेव्हापासून आमच्या घरात जगातली सगळी माणसं घागरीतून बोलतात. डाख देताना राळेचा धूर निघायचा, तेव्हा आत्याबाई स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आज शुक्रवार नव्हे, सांब्राणी कोणी लाविली?" सांब्राणी म्हणजे आमच्याकडे शुक्रवारी देवापुढे घालतात तो ऊद. एवढं करून त्या डब्यातून बाहेर जाणारी शक्ती किती, तर स्कूटरच्या मागच्या लाल दिव्याला लागते तेवढी. मी वर्गात मुलींना आयनोस्फिअर शिकवते, लहरी वर जाऊन परततात हे फळ्यावर बाण काढून दाखवते. पण त्या लाल दिव्याएवढ्या विजेने समुद्र ओलांडायचा, हे फळ्यावर ठीक वाटतं. घागरीशेजारी उभं राहिलं की छातीत कसंतरी होतं.

मामंजी आयनोस्फिअरला 'वरचें छत' म्हणतात. "आज छत चांगले आहे," असं ते सकाळी दारात उभे राहून म्हणाले की शेजारचे लोक आमच्या कौलांकडे बघायचे. सूर्यावर डाग वाढले की लहरी लांब जातात, म्हणून पोंगलच्या दिवशी सगळी गल्ली अंगणात उभी राहून सूर्याला नैवेद्य दाखवत असताना हे हात जोडून म्हणाले, "डाग आणखी येवोत." आत्याबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की दूध उतू जायचं तेही थांबलं. आणि शेरे! हॅम लोक एकमेकांचा आवाज कसा आला ते आकड्यांत सांगतात, पाच-नऊ म्हणजे उत्तम. मामंजी सगळ्यालाच आकडे देतात. रसम पाच-सात. शेजारच्या मुलीचं वीणावादन पाच-नऊ, पण मधे थोडं फेडिंग. माझं मराठी पाच-आठ. मी विचारलं, "एक गुण कुठे गेला?" म्हणाले, "तूं फार जलद बोलतेस."

तर अशी सगळी तयारी झाली, राहिली ती तार. हवेत लहरी सोडायला छतावर तांब्याची तार ताणावी लागते आणि तिची लांबी ज्या पट्ट्यावर बोलायचं त्या पट्ट्याच्या मापाची लागते. तांबं मिळालं जळलेल्या मोटारीतलं, भंगारवाल्याकडून वजनावर. मधला जोड नारळाच्या घासलेल्या करवंटीचा. मापाचा टेप मात्र गवंड्याने नेला होता तो परत आलाच नाही, आणि मामंजींना धीर नव्हता. तेव्हा त्यांनी जे केलं ते फक्त आमच्या गावचा माणूसच करू शकतो. आमच्याकडे मोगऱ्याचा गजरा मोळमवर विकतात. मोळम म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. मामंजींनी पुस्तकातली लांबी मोळमांत बसवली, तारेचं वेटोळं घेतलं आणि थेट गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या फुलवालीपुढे जाऊन उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता: जो हात दिवसभर, वर्षानुवर्षं मोजतो आहे, तो चुकेल कसा? फुलवालीने पान थुंकलं, तार घेतली आणि जन्मभराच्या सवयीने सर्रकन मोजून दिली. वर देवाचं काम असेल असं समजून दोन मोगऱ्याच्या कळ्याही अडकवल्या.

आता त्या फुलवालीचा मोळम आखूड आहे हे आमच्या गल्लीत तान्ह्या पोराला ठाऊक आहे. तिचं कोपर पदराखाली असतं, बोटं आत वळलेली असतात, आणि आत्याबाई रोज संध्याकाळी तिच्याशी "हात सरळ कर ग" म्हणून भांडतात. हे ज्याला माहीत नाही असा गल्लीत एकच माणूस होता, कारण त्याने आयुष्यात कधी फुलं विकत घेतली नव्हती. त्यावरून आत्याबाईंचं त्यांच्याशी निराळं भांडण आहे, ते इथे नको.

तार चढली. एक टोक परसातल्या नारळाला, दुसरं पाण्याच्या टाकीच्या खांबाला. मामंजींनी डबा सुरू केला आणि घागर बोलायला लागली. काय काय यायचं त्यातून! बंगाली, सिंहली, कुणी इंग्रजीतून आपल्या गुडघेदुखीबद्दल सांगतोय, कुणी रशियन गाण्यासारखं हेल काढतोय. मामंजींना सगळे ऐकू येत. मामंजी कुणालाच ऐकू येत नव्हते. सकाळ-संध्याकाळ ते आपलं नाव सांगून हाका घालायचे, मग घागरीकडे कान करून थांबायचे, मग पुन्हा हाका. दिवस गेले, आठवडे गेले. ते कधी वैतागले नाहीत. "आज छत जरा गळते आहे," म्हणायचे आणि पंचाने डबा पुसायचे. पण जेवताना रसमला आकडा देणं बंद झालं, तेव्हा मला कळलं की लागलंय.

आत्याबाईंचं म्हणणं साधं होतं. "हे एकटेच बोलतात," त्या शेजारणींना सांगायच्या. "तिकडे कोणी नाही. जें ऐकूं येतें तो साधा रेडिओ आहे. त्यास हे उत्तर देतात." आणि त्यांची खरी तक्रार निराळी होती. मासी महिना, म्हणजे तुमचा माघ-फाल्गुन, सरत आला होता, ऊन तापायला लागलं होतं, आणि आमच्या घरात उन्हाचा अर्थ एकच, वडाम. तुमच्या कुरडया-सांडग्यांचे आमच्याकडचे भाऊबंद. साबुदाण्याची दाट पेज, तिला आम्ही कूळ म्हणतो, ती शिजवून वर्षाचे वडाम छतावर धोतरं अंथरून घालायचे, आणि आता नेमकी त्या जागेवरून तार गेली होती. तारेवर कावळे. एक बसला की सगळी सभा. खाली पांढरी धोतरं, वर ही मंडळी, पुढचं मी लिहीत नाही. एका संध्याकाळी वाटीत साबुदाणा निवडता निवडता आत्याबाई म्हणाल्या, "अहो, ऐकलें का? मजला एक माणूस दाखवा. एक. जो तुमचें बोलणें ऐकतो. वडामाचें कूळ शिजायच्या आंत दाखवा. नाहींतर तार खाली, आणि त्या तारेवर मी पापड वाळवीन."

"आणि दाखविला तर?"

"तर वडाम पलीकडच्या घरच्या छतावर घालीन. त्या बाईचे टोमणे मी ऐकेन. तुम्ही तार ठेवा."

पलीकडच्या घराशी आत्याबाईंचं किती सख्य आहे हे ज्याला ठाऊक आहे त्याला यातलं पणाला लागलेलं काय ते कळेल. मामंजींनी मान डोलावली. रात्री ते जेवले नाहीत.

मला राहवेना. मी ओरत्तनाडूच्या शाळेत शिकवते. दुसऱ्या दिवशी बसमधून येताना खेळाच्या सरांकडून लांब उडी मोजायचा टेप मागून आणला. मी आणि मामंजी छतावर गेलो, तार खाली घेतली, मोजली. मोजली आणि दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तार एवढी आखूड होती की ज्या पट्ट्यावर ते बोलत होते त्या पट्ट्याच्या दृष्टीने ती तारच नव्हती. डब्यातली ती लाल दिव्याएवढी शक्ती छतापर्यंत जाऊन, वाट न सापडल्यामुळे परत डब्यातच येत होती. मी हसायच्या बेतात होते. मग त्यांचा चेहरा बघितला आणि म्हटलं, "मामंजी, नवी तार आणू. भंगारवाला उघडा असेल." त्यांनी पेन्सिल काढली, टाकीच्या भिंतीवर आकडे मांडले, पुन्हा मांडले, आणि त्यांचे डोळे चमकले. "तार लहान नव्हे," म्हणाले. "पट्टा चुकला. हिच्या लांबीचा पट्टा वर आहे. फुलवालीने बरोबर त्याच्यावर मोजिली आहे." मी आकडे तपासले. खरंच होतं. हजारदा मोजलं तरी जमणार नाही असं त्या बाईच्या पदराखालच्या कोपराने जमवलं होतं. आणि त्याहून मला नवल वाटलं ते या माणसाचं, की चुकलेल्या तारेला दोष द्यायचा सोडून तिला कुठे जागा आहे ते शोधत बसला.

अडचण एकच होती. त्या पट्ट्यावर तोंडाने बोलत नाहीत. तिथे फक्त मोर्स चालतो, लहान-मोठे सूर, डि आणि डा. मामंजी मोर्स परीक्षेपुरता शिकून विसरले होते. तो परत शिकायला त्यांच्याकडे साबुदाणा भिजत पडेपर्यंतचे चार-पाच दिवस होते. मग आमच्या घरात जे सुरू झालं ते मी विसरणार नाही. ते कॉफीच्या टंबलरवर चमच्याने आपलं नाव वाजवायचे. न्हाणीघरातून तांब्यावर वाजायचं. तोंडाने तर अखंड चालू: "डि-डि-डि-डा, डि-डि-डा..." हे व्ही आणि यू, मग पुढचा आकडा, मग पुढची अक्षरं, आणि शेवटच्या अक्षरावर दर वेळी अडखळायचे, थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून. देवघरात घंटा वाजवायला गेले तर घंटासुद्धा डि-डि-डि-डा. आत्याबाई कपाळावर हात मारायच्या. "अय्यो, पोदुम्! पुरे झालें! माझ्या स्वप्नांतसुद्धा हेंच वाजतें आहे. आणि शेवटास अडखळतां कशास? एकदा तरी नीट वाजवा!"

वडामाचा दिवस उजाडला. उजाडला असं म्हणायची रीत आहे, खरं तर अजून नीट फटफटलंही नव्हतं. वडाम ऊन चढायच्या आत घालून व्हावे लागतात. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यात कूळ रटरटत होतं, आत्याबाई उलथनं घेऊन हलवत उभ्या, मी शेजारी लिंबं पिळत होते. मधल्या भिंतीपलीकडे मामंजी हाका घालत होते. डा-डि-डा-डि, डा-डा-डि-डा, म्हणजे 'कुणी आहे का', आणि मग आपलं नाव, अडखळत. थांबायचे. घागरीतून नुसती सरसर. पुन्हा हाक. आत्याबाईंचं उलथनं जरा जोरातच फिरत होतं. मग पलीकडे शांत झालं. मामंजी दारातून डोकावले. हातात काळी छत्री.

"कावळे आले आहेत," म्हणाले. "तुमचे वडाम घालायचे आहेत ना. मी हाकलितो." आणि जिना चढून गेले.

त्यांनी डबा बंदसुद्धा केला नव्हता. हा माणूस आपली तार उतरवायच्या आधी तिच्यावरचे कावळे उडवायला गेला होता. आत्याबाईंनीही जिन्याकडे पाहिलं, मग पातेल्यात पाहिलं. आणि एकाएकी त्यांचं उलथनं थांबलं.

"ऐकलेंस?"

मी कान दिला. घागरीत काहीतरी चिवचिवत होतं. मला विचाराल तर सूर लागले होते, लहान, मोठे, लहान, रोजच लागायचे.

"काय आत्याबाई?"

"ह्यांचें नांव."

"ते मामंजी वाजवत असतील..."

"ते वर आहेत ना, वेडे! आणि हात त्यांचा नव्हे. हा शेवटास अडखळला नाही." त्या तशाच उलथनं घेऊन अंगणात धावल्या. साठी ओलांडलेली, गुडघ्यांना तेल चोळल्याशिवाय जिना न चढणारी बाई पहिल्या तीन पायऱ्या चढून ओरडत होती, "अहो! खाली या! खाली या लवकर! तुम्हांस कोणी हाक मारितो आहे!"

मामंजी उघड्या छत्रीसकट खाली आले. छत्री दारात अडकली, ती तिथेच सोडून आत शिरले. घागरीतून तेच पुन्हा येत होतं: तीन लहान एक मोठा, दोन लहान एक मोठा... त्यांचं नाव, कुणीतरी दुसऱ्याने, अगदी ओळीत, शेवटपर्यंत नीट घेतलेलं. मामंजींनी त्या पितळी मुठीला बोट लावलं. त्या वेळी ते अडखळले नाहीत. मग तिकडून सूर आले, त्यांनी कागदावर एकेक अक्षर उतरवलं, मग त्यांनी पाठवले. आम्ही दोघी दारात. मी फिजिक्सची बाई, मला काही म्हणजे काही कळत नव्हतं, आणि अंगावर काटा उभा होता.

शेवटी मामंजी मागे टेकले. "जपान," म्हणाले. "जपानच्या उत्तरेस एक बेट आहे, तेथला."

"मराठी येतें का त्यास?" आत्याबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, तुमचा आवाज फार बारीक आहे, पण स्पष्ट आहे."

"बारीक!" आत्याबाई म्हणाल्या. "त्यास म्हणावें, घरी येऊन ऐक एकदा." आणि मग तिघांनाही एकदमच तो वास आला. कूळ खाली लागलं होतं.

त्या वर्षीच्या सगळ्या वडामांना करपट वास होता. ते पलीकडच्या छतावर वाळले, आणि त्या बाईने टोमणे मारायला तोंड उघडलं तेव्हा आत्याबाईंनी तिला गप्प केलं, "आमच्या छतावर जागा नाही हो. तेथे जपानचे लोक येतात." वर्षभर पानात वडाम पडला की मामंजी तो चावून म्हणायचे, "पाच-नऊ." आत्याबाई न ऐकल्यासारखं करायच्या. पुढे त्या तारेवर कुठले कुठले लोक आले, बोलणं झाल्याची पावती म्हणून त्यांची कार्डं टपालाने येतात, मी ती कपाटाच्या दारावर लावून दिली आहेत. फुलवालीला मामंजींनी एक कार्ड नेऊन दाखवलं. ती म्हणाली, बरं झालं, मग आता तरी फुलं घ्या. त्या दिवशी त्यांनी आयुष्यातला पहिला गजरा घेतला. आखूड होता. आत्याबाईंनी माळला.

गेल्या महिन्यापासून मामंजी चेन्नईला थोरल्या भावजींकडे आहेत. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन, मग दुसऱ्याचं, मग तपासण्या. तिथे चौदाव्या मजल्यावर तार लावू देत नाहीत. रोज फोन करतात, आमच्या छताची चौकशी करतात, त्र्याहत्तर म्हणतात. डबा इथेच आहे.

परवा शाळेतून लवकर आले. घर शांत. मागच्या खोलीतून सरसर ऐकू आली म्हणून बघितलं, तर डबा सुरू होता आणि आत्याबाई वेताच्या खुर्चीवर घागरीशेजारी बसून शेंगा सोलत होत्या. मी म्हटलं, "हे काय, आत्याबाई?"

"कोणी हाक मारिली तर?" त्या शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. "घर ओसाड आहे असें वाटायला नको."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. शिक्षिकेची खोड, समजावून सांगायला लागले. की उत्तर द्यायला परवाना लागतो, आपल्याला देता येणार नाही. आणि नुसतं ऐकलं तर तिकडच्याला काही पत्ता लागत नाही. पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही की आपलं कोण ऐकतंय, ऐकणारं कुणी आहे की नाही.

आत्याबाईंनी दाणे सुपात टाकले, पुढची शेंग घेतली.

"हो का," म्हणाल्या. "इतुकीं वर्षें मी ऐकत होतें, तें तरी ह्यांस कोठे कळलें?"

घागरीत दूर कुठेतरी कुणीतरी हाका घालत होतं. त्यांनी हात थांबवून कान दिला, मान हलवली. "हा आपला नव्हे," म्हणाल्या, आणि शेंगा सोलत बसल्या.